मागच्या चाकानं वळणारी गाडी

"आणि ब्रेक कुठाय?"

स्पीडवे, म्हणजे मातीच्या धावपट्टीवरची मोटारसायकल शर्यत, पहिल्यांदा बघणाऱ्याचा हा प्रश्न ठरलेला. चहाचा कप हातात तसाच, मान मोबाइलवर वाकलेली. तो पुढचं चाक निरखतो, मागचं निरखतो, हँडलच्या दोन्ही बाजू बघतो आणि मग दाखवणाऱ्याकडे संशयानं बघतो. "ब्रेक नाहीच, अण्णा." "मग थांबत्यात कशी?" शर्यत चालू असताना थांबायचं कुणालाच नसतं, हे त्याचं खरं उत्तर. चार फेऱ्या झाल्या की थ्रॉटल सोडायचा, इंजिनच गाडीला आवरतं.

सांगली-मिरज पट्ट्यात या खेळाचे शौकीन बोटांवर मोजण्याइतके. यात्रेतलं कुस्तीचं मैदान असलं की गाव लोटतं, बैलगाडी शर्यतीला माळ भरतो. तिथं पोलंडमधल्या मोटारसायकलींसाठी जागणारा माणूस विक्षिप्तच ठरणार. ग्रां प्रीच्या, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या मालिकेतल्या, शर्यती बहुतेक शनिवारी संध्याकाळी सातला सुरू होतात. उन्हाळ्यात मध्य युरोपचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे इकडे रात्रीचे साडेदहा. दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे जागरण परवडतं. पण खरं बघता हा खेळ कळायला आपल्याच लोकांना सोपा जावा. कारण तो गाडीचा जेवढा आहे त्याहून जास्त मातीचा आहे, आणि माती कमावणं म्हणजे काय हे तालमीत गेलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आधी गाडी. ५०० सीसीचं एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं चार स्ट्रोक इंजिन. गिअर एक. मागं सस्पेन्शन नाही, पुढं नावापुरतं. पुढचं चाक २३ इंची, मागचं १९ इंची. नियमानं किमान वजन ७७ किलो, आणि ताकद सत्तर अश्वशक्तीच्या वर. अंदाज यायचा तर रस्त्यावरची ३५० सीसीची बुलेट आठवावी: वजन १९५ किलोच्या घरात आणि ताकद वीस. म्हणजे निम्म्याहून कमी वजन आणि तिपटीहून जास्त जोर. शून्यापासून शंभरचा वेग तीन सेकंदांच्या आतबाहेर. आणि हे सगळं २६० ते ४२५ मीटरच्या अंडाकृती धावपट्टीवर, चौघांनी, एकमेकांच्या कोपराला कोपर लावून.

ब्रेक काढून टाकण्यामागं शहाणपण आहे. चौघं एकाच वळणात आडवे शिरलेले असताना पुढच्यानं ब्रेक दाबला, तर मागचे तिघं त्याच्या अंगावर जाणार. कुणालाच एकदम हळू होता येत नसेल, तर पुढचा पुढच्या क्षणी कुठं असेल याचा अंदाज बांधता येतो.

वळायचं कसं, हा खरा भाग. वळणाच्या आधी क्षणभर थ्रॉटल कमी, अंग डावीकडे, डावा पाय जमिनीला. मागच्या चाकाची पकड सुटते आणि ते उजवीकडे, बाहेर घसरू लागतं. आता हँडल वळणाच्या उलट, उजवीकडे फिरवायचं आणि थ्रॉटल उघडायचा. मागचं चाक माती फेकत फिरत राहतं आणि गाडी तिरकी होऊन वळणातून सरकते. पुढचं चाक तोल धरतं. गाडी वळवतं ते मागचं. थ्रॉटल जास्त तर मागचा भाग आणखी बाहेर, कमी तर गाडी सरळ.

खंबाटकीत वळण अंगावर आलं की आपला हात आपोआप थ्रॉटल सोडतो. इथं तीच सवय माणसाला दवाखान्यात पोचवते. घसरत्या गाडीचा थ्रॉटल मध्येच पूर्ण मिटला तर मागचं टायर एकदम जमीन पकडतं, गाडी झटक्यात उभी राहते आणि स्वाराला उजवीकडे फेकते. दुसरी चूक उलट्या बाजूची. थ्रॉटल उघडा आहे आणि मध्येच ओल धरलेला, पकड देणारा पट्टा आला. चाक फिरायचं सोडून ढकलायला लागतं, पुढचं चाक उचलतं आणि गाडी वळण विसरून सरळ कुंपणाकडे निघते. अशा वेळी अंग टाकीवर पुढं झोकून, थ्रॉटल केसभर कमी करून तिला परत घसरवायला लागतं, आणि हा हिशेब करायला अर्धा सेकंदही नसतो. म्हणून प्रत्येकाच्या मनगटाला एक दोरी असते, दुसरं टोक इग्निशनच्या कटआउटला. माणूस उडाला की दोरी कटआउट ओढून काढते, इंजिन बंद.

डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधलेला असतो, त्याला सगळे स्टील शूच म्हणतात. पायाच्या मापाला वाकवलेला पत्रा आणि पट्टे, बाकी काही नाही. कुपवाडच्या एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेटर दुपारपर्यंत करून देईल. घासून पातळ झाला की खालून वेल्डिंगचा थर चढवायचा. पट्टा सैल राहिला तर मात्र तळ मातीत अडकतो आणि गुडघा मागं ओढला जातो.

इंधन मिथेनॉल. आपल्याकडच्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून निघतं ते इथेनॉल, हे त्याचं विषारी भावंड. घोटभर पोटात गेलं तरी डोळे जातात. पेट्रोलच्या एका भागाला जाळायला हवेचे साधारण पावणेपंधरा भाग लागतात, मिथेनॉलला साडेसहाच्या आत. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन घालता येतं, त्यामुळे कार्ब्युरेटरचे जेटही तसेच मोठे. वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं, इंजिन आतून थंड राहतं आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबायचं प्रमाण) चौदाच्या घरात नेलं तरी ठोके पडत नाहीत. तोटे दोन. हवेतली ओल शोषून ते ॲल्युमिनियम खातं, म्हणून रात्रीची शेवटची हीट, म्हणजे चौघांची चार फेऱ्यांची शर्यत, झाली की मेकॅनिक टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधून पेट्रोल फिरवतात. आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागली हे आधी कातडीला कळतं. जुन्या काळी वंगणाला एरंडेलाचं रेसिंग ऑइल असायचं. जळक्या एरंडेलाच्या त्या वासाची आठवण म्हातारे प्रेक्षक अजून काढतात. आपल्याला एरंडेल म्हटलं की आजी आणि चमचा आठवतो, त्यांना लंडनचं वेम्बली स्टेडियम.

आता माती. पोलिश भाषेत या खेळाला झुझेल म्हणतात, आणि झुझेल म्हणजे भट्टीतून निघणारा जळका खंगर. सुरुवातीच्या धावपट्ट्या त्याच्याच होत्या. पुढं बारीक कुटलेला दगड आणि त्याला धरून ठेवायला चिकणमाती असं मिश्रण रूढ झालं. चिकणमाती कमी पडली तर वरचा थर वाळूसारखा उडतो आणि खाली नुसता कडक तळ उरतो. जास्त झाली तर पाण्यानं चिखल, उन्हानं सिमेंट. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती दिवसेंदिवस उकरणारा वस्ताद हेच करत असतो: पाय रुतू नये, पाठ सोलू नये, आणि पकड तर मिळावी. फरक एवढाच की तालमीची माती दोन माणसं तुडवतात आणि ही माती दर हीटला चार चाकं खरवडून बाहेर फेकतात.

म्हणून एकाच रात्रीत धावपट्टी तीन वेळा बदलते. पहिल्या हीटला आतली रेघ सगळ्यांत जवळची आणि पकडीची. चार हीट झाल्या की तिथली सैल माती बाहेर कुंपणाकडे गेलेली असते, आतला पट्टा चकचकीत होतो आणि चाक नुसतं फिरतं. मग ट्रॅक्टर येतो, फळीनं माती परत आत ओढतो, टँकर पाणी मारतो. पाणी कुठं जास्त पडलं, कुठं कमी, हे पिटच्या (गाड्या तयार करायच्या जागेच्या) कठड्यावर उभा राहून बघणारा स्वार आणि मोबाइलवर बघणारा स्वार यांच्यात पुढच्या हीटला दोन गाड्यांचं अंतर पडतं. माती ओली, जड झाली की इंजिन दबतं; मग पिटमध्ये मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, काढून एक दात जास्तीचं लावतात. ५८ च्या जागी ५९ म्हणजे फरक जेमतेम पावणेदोन टक्के, पण एकच गिअर असलेल्या गाडीला तेवढा पुरतो. टायरही उलटं करून बसवतात. गाडी कायम डावीकडेच वळते, त्यामुळे एकच कड झिजते आणि दुसरी कोरी असते.

सुटायची जागा म्हणजे आपल्या बैलगाडी शर्यतीतले तास, प्रत्येकाचा आखलेला पट्टा. फरक एवढाच की ते चारच. एक नंबर आत, चार नंबर कुंपणाकडे. पंच बटण दाबतो, आडव्या फिती वर उडतात. फितीला आधी गाडी लागली की बाद. त्याआधीच्या दोन मिनिटांत स्वार बुटानं माती उकरताना दिसतात तो चाळा नव्हे. मागच्या चाकाखाली पकडीची माती ओढून ठेवायची असते. मग इंजिन ओरडतं, क्लच अर्ध्यावर, छाती टाकीवर. क्लच एकदम सोडला तर पुढचं चाक आकाशात, हळू सोडला तर बाकीचे तिघं पुढं, आणि मागून येणाऱ्याच्या चष्म्यावर त्यांची माती. चष्म्यावर फाडून टाकायच्या पातळ फिल्म असतात, पण प्रत्येक फिल्म काढताना एक हात हँडलवरून सुटतो.

हीट जेमतेम एका मिनिटाची. पहिल्याला तीन गुण, मग दोन, एक, शून्य. जुन्या पद्धतीच्या पूर्ण मैदानात १६ स्वार, २० हीट, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच. पाच हीटमध्ये तीन-तीन प्रतिस्पर्धी म्हणजे पंधरा. प्रत्येक जण उरलेल्या प्रत्येकाशी बरोबर एकदाच भिडतो. ज्यानं हे कोष्टक मांडलं त्याला गणिताच्या मास्तरांनी नमस्कार करावा. शौकीन माणूस चौकटीच्या वहीत २० ओळी आधीच आखून ठेवतो, हेल्मेटच्या लाल, निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगांचे चार रकाने करतो, आणि हीट संपता संपता गुण मांडतो. पडला तर प, फितीसाठी बाद झाला तर फ. ॲपवर सगळं मिळतं खरं, पण वहीवर तिसऱ्या हीटपासूनच दिसायला लागतं की आज चार नंबरच्या तासावरून कुणी जिंकत नाहीये.

वाद पेटतो तो इथून पुढं. मोठा स्वार कोण? मोजून सांगायचं तर न्यूझीलंडचा आयव्हन मेजर. (स्पेलिंग बघून मॉगर म्हणणारे भेटतात, त्यांना एकदाच समजवावं.) १९६८, ६९, ७०, मग ७२, ७७ आणि ७९: सहा विश्वविजेतेपदं, शेवटचं वयाच्या ३९ व्या वर्षी. सतराव्या वर्षी लंडनच्या विम्बल्डन क्लबकडे येऊन तो फसला, घरी परतला, आणि १९६३ मध्ये न्यूकॅसलकडून नव्यानं सुरुवात केली. तिसरं विजेतेपद सलग मिळवलंस तर गाडी सोन्यानं मढवू, असं दोन अमेरिकी शौकिनांनी म्हटलं होतं आणि त्यांनी ते केलंही. रॉनी मूर, बॅरी ब्रिग्ज आणि मेजर हे तिघंही क्राइस्टचर्चमध्ये वाढलेले. दोन, चार आणि सहा, अशी त्या एका शहराची बारा विजेतेपदं. एकाच पेठेतून असे तीन मल्ल निघाले असते तर आपल्याकडे तिथल्या विहिरीच्या पाण्यालाही गुण आला असता.

दुसऱ्या बाजूचा माणूस लगेच स्वीडनचा टोनी रिकार्डसन काढतो, कारण त्याचीही सहाच. इथं मात्र वही बाजूला ठेवून विचार करावा लागतो. १९९४ पर्यंत जगज्जेता बहुतेक वेळा एका रात्रीत ठरायचा. पाच हीट, त्यात एकदा चेन तुटली की वर्ष गेलं. १९९५ पासून वर्षभराची ग्रां प्री मालिका. मेजरची सहाही एका रात्रीची. रिकार्डसनचं पहिलं, १९९४ चं, त्या जुन्या पद्धतीतलं शेवटचं आणि उरलेली पाच मालिकेतली. हे दोन आकडे सारखे दिसतात म्हणून एका तराजूत टाकणं म्हणजे निकाली कुस्ती आणि गुणांची कुस्ती एकच समजणं.

एका रात्रीच्या पद्धतीनं अन्यायही भरपूर केला. १९३६ ची पहिली अंतिम फेरी, वेम्बली. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सननं पाचपैकी पाच हीट जिंकल्या आणि तो हरला. आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण बेरजेत धरले जात होते, त्यात तो मागं पडला. विजेतेपद गेलं त्याच्याच देशाच्या लायोनेल व्हॅन प्रागकडे. दोन वर्षांनी विल्किन्सननं ते मिळवलं, म्हणून निदान ही गोष्ट सांगताना घसा दाटत नाही. १९७३ ला होझूफमध्ये लाखाच्या वर पोलिश माणूस जमलेला. येर्झी श्चाकिएल आणि मेजर यांचे गुण समान, म्हणून दोघांत एक जादा हीट. पुढं निघायच्या नादात मेजर पडला आणि पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. काही लोक अजून त्याला नशिबाचा म्हणतात. पुढं राहणं हेही कामच असतं. मागच्याला घाई करायला तेच लावतं.

विजेतेपदं न मोजता बघायचं तर इंग्लंडचा पीटर क्रेव्हन. चणीनं लहानखुरा, १९५५ आणि १९६२ चा जगज्जेता. बाकीचे गाडीला ताकदीनं दाबायचे, हा अंगाचा तोल इकडून तिकडं टाकून तिला नाचवायचा. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिनबराला पुढं पडलेल्या स्वाराला वाचवायला त्यानं गाडी बाहेर घातली, कुंपणावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. वळणांवर आता हवेच्या गाद्या असतात. तरीही १९९४ मध्ये पेर यॉन्सन आणि २०१५ मध्ये डार्सी वॉर्ड, दोघांनाही पोलंडमध्येच पाठीच्या कण्याला मार बसला आणि ते परत चालले नाहीत. ब्रेक नसणं शहाणपणाचं, हे वर लिहिलंय ते खरंच आहे. पण कुंपण ते कुंपणच.

आजच्या पोरांचा माणूस पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक. २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत पाच विजेतेपदं. मधलं २०२१ रशियाच्या आर्त्योम लागुताचं; पुढच्या वर्षी युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन स्वारांवर बंदी आली आणि त्याला ते राखायची संधीच मिळाली नाही. "लागुता असता तर?" हा प्रश्न त्यामुळे दर वर्षी निघतो आणि दर वर्षी तसाच राहतो. झ्मार्झलिकच्या बाजूनं एवढं म्हणावं लागेल की तो मागं सुटूनही जिंकतो. नुसतं सुटण्यावर जिंकणारे पुष्कळ असतात. तिसऱ्या फेरीत, दुसऱ्याची माती चष्म्यावर घेऊन, कुणी वापरली नाही ती रेघ शोधणारे थोडे.

त्या थोड्यांतला पहिला तोमाश गोलोब, पोलंडमधल्या बिडगोश्चचा. आतला चकचकीत पट्टा सगळ्यांनी धरला की तो कुंपणापाशी साचलेल्या सैल मातीत चाक घालायचा. रस्ता लांब, पण चाकाला ढकलायला काहीतरी मिळतं, आणि वळण संपताना त्याची गाडी आतल्यापेक्षा जोरात सुटलेली असायची. सांगलीतल्या एका जुन्या शौकिनाचं मत: "आखाड्याच्या कडेला कुणी जात न्हाई, तिथली माती भुसभुशीत ऱ्हाती. त्यो तिथंच कुस्ती करतोय." याहून नेमकं वर्णन कुठल्या समालोचकानं केलेलं नाही. १९९५ ची पहिलीवहिली ग्रां प्री, व्रोत्सवाफची, गोलोबनंच जिंकली. जगज्जेता व्हायला मात्र २०१० उजाडलं. मध्ये १९९९ ला आघाडीवर असताना दुखापत आडवी आली आणि तो दुसरा राहिला. श्चाकिएलनंतर ३७ वर्षांनी पोलंडला पुन्हा जगज्जेता मिळाला, तेव्हा त्याचं वय ३९ होतं.

त्याचा ग्रां प्रीतला निरोप एप्रिल २०१५ मध्ये वॉर्सात ठरला, राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियममध्ये. अशा ठिकाणी धावपट्टी कायमची नसते. हजारो टन माती ट्रकनं आणून चार-सहा दिवसांत पसरतात, रोलर फिरवतात. पोलंडमधल्या लेश्नोसारख्या, सांगलीच्या आठव्या हिश्श्याएवढ्या गावात ज्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं पाणी, रोलर आणि पाऊस मुरलेला असतो, तिची सर हिला येत नाही. थर एकमेकांना धरत नाहीत. वर घट्ट वाटतं, आणि चाकं फिरली की खालून खपल्या निघतात, वळणांत खड्डे पडतात. त्या रात्री आधी सुटायच्या फिती बिघडल्या, म्हणून हिरव्या दिव्यावर गाड्या सोडाव्या लागल्या. मग धावपट्टी उकलायला लागली. बाराव्या हीटनंतर स्वारांनी पुढं पळायला नकार दिला आणि तिथंच निकाल लावला गेला. पहिला नंबर स्लोव्हेनियाच्या मातेय झागारचा.

दोन वर्षांनी मोटोक्रॉसच्या सरावात गोलोबच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. तो व्हीलचेअरवर आला.

वॉर्साच्या त्या रात्रीच्या वहीत बारा ओळी भरलेल्या आहेत. तेरा ते वीस आखून ठेवलेल्या, आणि कोऱ्या.